दरसाल फोल्डरातला गोकुळदास

आमच्या उत्तर गोव्यात पेपर हातात पडला की लोक आधी मेलेल्यांचं पान उघडतात. मंत्री काय बोलले ते दुपारी वाचलं तरी चालतं, ते कुठं पळून जात नाही. पण कोण गेलं, कुणाचं कितवं पुण्यस्मरण, फोटो कुठल्या लग्नातून कापून लावलाय, खाली शोकाकुलांत कुठल्या जावयाचं नाव गाळलंय, हे पाहिल्याशिवाय चहाचा घोट उतरत नाही. यात वाईट काही नाही हो. उद्या बाजारात त्या घरचं माणूस समोर आलं आणि आपल्याला ठाऊकच नसलं, तर तोंड कुठं लपवायचं?

हे पान जी बाई तयार करायची ती मात्र घरी पेपर उघडायची नाही. पद्मावती तळकर, राहणार केरी, तालुका पेडणे, वय सेहेचाळीस. म्हापशाला बसस्टँडच्या मागं पहिल्या मजल्यावर जाहिरातींची एक कचेरी, तिथं वीस वर्षं ती कॉम्प्युटरवर होती. मालक सगुणबाब. पेडण्यापासून डिचोलीपर्यंतचे एजंट निधनाच्या, पुण्यस्मरणाच्या जाहिराती पाठवायचे, आणि हिनं त्या जुळवून अख्खं पान पेपरवाल्यांकडे धाडायचं. दिवसाला पंधरा-वीस मेलेली माणसं हिच्या हाताखालून जायची. पहिले काही महिने तिला घरी जेवण जाईना. मग जायला लागलं.

माहेर मये. तळ्याच्या काठाला बापाची वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताची, शेती, आणि घरात शिकलेलं म्हणाल तर हीच एकटी. गणित बरं होतं. बारावीनंतर डिचोलीला कॉम्प्युटरचा क्लास निघाला, तिथं मास्तरानं सांगितलं की ही मुलगी यंत्राशी भांडत नाही, त्याला समजावते. शाबासकीचे एवढेच शब्द तिच्या वाट्याला आले. तेविसाव्या वर्षी केरीला दिली. नवरा गोकुळदास डिचोलीच्या खाणीवर टिपर चालवायचा, शनिवारी घरी यायचा, अंगावरची तांबडी धूळ विहिरीवर धुवायचा आणि रविवारी समुद्रावर गरी टाकून बसायचा. मूल झालं नाही. त्यावरून घरात कधी कुणी वाकडा शब्द काढला नाही, हे चंद्रावतीचं, म्हणजे सासूचं, मोठेपण. नाहीतर सासवा कशा असतात ते मी सांगायला नको.

आता तिच्या कामाचं थोडं सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. एजंट म्हणजे कुणी झेरॉक्सवाला, कुणी पानाच्या गादीवरचा. प्रत्येकाचं कॉम्प्युटरात एक फोल्डर, म्हणजे खण समजा. खणात आणखी खण, त्यात आणखी. आणि फाइलींना नावं मनाला येतील ती: ‘काका’, ‘फायनल’, ‘फायनल खरी’, ‘गुरवांची म्हातारी’. मयेच्या एजंटानं तर एका फाइलीला ‘हे घे’ असं नाव दिलं होतं. रोज हे सगळे खण उपसून उद्याच्या तारखेची माणसं शोधायची म्हणजे डोळे फुटायची वेळ. तेव्हा पद्मावतीनं शिकत, चुकत एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे यंत्राला लिहून दिलेली कामांची यादी, सांगकाम्या गड्याला द्यावी तशी. सगळ्या खणांत शीर. उद्याची तारीख असलेली फाइल दिसली की उचल. नाव घे, गाव घे, वर्षाच्या आकड्यात एक मिळव, तिसऱ्याचं चौथं कर. फोटो काळा-पांढरा कर, चौकटीत बसव, नावामागं ‘कै.’ लाव, पान जुळव. दुपारी चारला ती बिल्डचं, म्हणजे पान बांधायचं, बटण दाबायची आणि दोन मिनिटांत पान उभं राहायचं. सगुणबाब पाहुण्यांना मुद्दाम ते दाखवायचा.

एक खण होता ‘दरसाल’ नावाचा. कुणाची मुलं बोटीवर, कुणाची आखातात. ती सांगून ठेवायची की दर वर्षी फोन करून विचारू नका, तारीख आली की लावत जा. असली पन्नास-साठ माणसं त्या खणात होती. तिथंच एक फाइल तिच्या स्वतःच्या घरची होती.

खाणी बंद पडल्या तेव्हा गोकुळदास घरी बसला. वर्षभर सोप्यावर बसून रस्त्याकडे बघत राहिला. ओरडला नाही, दारूला लागला नाही, नुसता बसला. दोन हजार तेराच्या नोव्हेंबरात एका शुक्रवारी हरमलच्या मिरच्या विकायला म्हणून पिशवी घेऊन म्हापशाच्या बाजाराला गेला. स्टँडवर उतरताना पाहिलेली माणसं होती. कुणी म्हणालं डिचोलीच्या बसमध्ये चढला, कुणी म्हणालं बांद्याच्या. पोलीस झाले, हॉस्पिटलं झाली, देवाला कौल लावून झाला. मिरच्यांची पिशवी बाजारातल्या एका बाईकडे सापडली, ‘जरा बघ, येतो’ म्हणून ठेवून गेला होता. तो आला नाही.

चौथ्या दिवशी पद्मावती कामावर गेली आणि ‘हरवले आहेत’ची जाहिरात तिनंच केली. हातापाशी दुसरा नमुना नव्हता, रोजचा एकच. म्हणून तिनं एका मेलेल्या माणसाची फाइल उघडली, तिची नक्कल केली, त्यातलं नाव खोडून नवऱ्याचं घातलं, फोटो बदलला आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या जागी ‘कुणास दिसल्यास कृपया कळवावे’ असं लिहिलं. त्या दिवशी नवऱ्याचं नाव तिनं तीनदा चुकीचं टाइप केलं असं सगुणबाब सांगतो. तिला स्वतःला आठवत नाही.

सासूचा हट्ट असा की दर वर्षी त्या तारखेला ती जाहिरात यायलाच हवी. चंद्रावती आता ब्याऐंशीची. गोवामुक्तीनंतर गावात मोठ्यांसाठी वर्ग निघाला होता तेव्हा लग्न झालेली, डोक्यावर पदर घेऊन जाऊन अक्षरं शिकली होती. पेपर ती रोज ओळीखाली बोट धरून वाचायची. पाचव्या वर्षी धाकट्या मुलानं, वास्कोच्या यशवंतानं, विषय काढला की भटजी म्हणतात बारा वर्षं झाली की पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी करता येतो, घरातलं सुतक एकदा फिटेल, वयनीलाही सुटका. म्हातारीनं ऐकून घेतलं, आणि तो गेल्यावर पद्मावतीला समोर बसवून म्हणाली, “त्या पानार माझ्या झिलाचो फोटो मी जिती आसा तवसर येवक नको. पान तुझ्या हातात आसा. माका शब्द दी.” पद्मावतीनं शब्द दिला. त्यात काय मोठंसं, असं तिला तेव्हा वाटलं.

खरं म्हणजे तोवर तिला फारसं काहीच वाटेनासं झालं होतं. दुःख म्हणावं तर दुःख नाही, आशा म्हणावी तर तीही नाही. कुंकू लावायची कारण ते पुसायला कुणी सांगितलं नव्हतं. गावानं तिचं काय करायचं ते गावालाही कळत नव्हतं. हळदीकुंकवाला बोलावलं तरी पंचाईत, न बोलावलं तरी पंचाईत. शेवटी शेजारची रुक्मिणी वाण घरी आणून द्यायची आणि कोपऱ्यात ठेवून जायची. सकाळी सव्वासातची बस, संध्याकाळी साडेपाचची बस, मधे पंधरा-वीस मेलेली माणसं. रात्री सासू ‘आज काय खबर?’ विचारायची, ही ‘काय नाय’ म्हणायची. अशी अकरा वर्षं. माणूस लाकूड कसं होतं ते बघायचं असेल तर दूर जायला नको, पण बघवत नाही हो.

जाहिरात ती दर वर्षी हातानं लावायची. स्क्रिप्टमध्ये तिनं दोन-चार ओळी घातल्या होत्या: अमुक खणात शिरू नको, तमुक फाइलीला हात लावू नको. त्यात नवऱ्याची फाइल होती.

मग यंदाच्या ऑक्टोबरात मयेची एक जाहिरात गळली. पहिलंच वर्षश्राद्ध, पाहुणे जमलेले, आणि पेपरात बापाचा पत्ता नाही. मुलगे तिघेही कचेरीत आले आणि जिना दणाणेपर्यंत बोलले. शोधलं तर फाइल खणाच्या आतल्या खणाच्या आत होती, आणि वगळायच्या एका जुन्या ओळीमुळं यंत्र तिथं शिरलंच नव्हतं. सगुणबाबनं आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर आवाज चढवला. तिनं त्या दुपारी वगळायच्या ओळी एकजात उडवल्या आणि यंत्राला सांगितलं, कितीही खोल असो, एकही खण सोडायचा नाही. आपली एक ओळ परत घालायची आहे हे तिच्या डोक्यात होतं. तेवढ्यात फोन आला, मग दुसरा आला, मग बसची वेळ झाली.

नोव्हेंबरातली ती तारीख शुक्रवारीच आली. आदल्या दिवशी नवऱ्याची जाहिरात हातानं लावायचं तिच्या ध्यानात आलं नाही, चारला तिनं बटण दाबलं. स्क्रिप्ट सगळ्या खणांतून फिरली, ‘दरसाल’मध्ये शिरली आणि तिला एक फाइल मिळाली: नाव आहे, गाव आहे, फोटो आहे, तारीख उद्याची, वर्ष दहा. यंत्राला काय ठाऊक कोण मेलंय नि कोण हरवलंय. त्यानं एक मिळवला, ‘कै.’ लावलं आणि चौकटीत बसवला.

तिची सकाळची बस पेपर गावात यायच्या आधी सुटते. मांद्रे मागं पडलं, शिवोलीचा पूल झाला, म्हापसा आलं, तोवर तिला काही कळलं नव्हतं. नऊला कचेरीत यशवंताचा फोन आला. आवाज बसलेला. म्हणाला, वयनी, खबर कधी लागली? कुठं सापडला? माझा सख्खा भाऊ, आणि मला पेपरात वाचायला लावलंस. पद्मावतीला काही उमगेना. ती म्हणाली, थांबा, आणि टेबलावरचा पेपर उघडला.

दुसऱ्या ओळीत तिसरा. कै. गोकुळदास तळकर, केरी-पेडणे. अकरावे पुण्यस्मरण. खाली शोकाकुल म्हणून फाइलीतली तीच नावं, संपर्कासाठी दिलेली: आई चंद्रावती, पत्नी पद्मावती, बंधू यशवंत. तिला आधी दिसलं ते हे की चौकटीची उजवी कड पुसट छापली आहे. मग पुष्कळ वेळानं तिनं फोटोतल्या तोंडाकडे पाहिलं. फोन कानालाच होता. ती म्हणाली, “मशिनीची चूक झाली.” यशवंतानं फोन ठेवला.

सगुणबाब आला तो धावतच. माणूस तसा भला, घाम पुसत होता. म्हणाला, उद्या पहिल्या पानावर दिलगिरी छापून आणतो, पेपरवाल्यांशी मी बोलतो, तू कुणाला काही सांगायला जाऊ नको, मशिनीची चूक म्हण, बस्स. आणि मग त्याला आठवलं म्हणून त्यानं कपाटातून कालच्या पानाची छापील प्रत काढली. कचेरीचा दंडक असा की पान धाडण्याआधी ते कागदावर काढायचं, आणि लाल पेनानं प्रत्येक माणसाला दोन खुणा करायच्या: नाव वाचलं, एक, फोटो पाहिला, दोन. एकाच्या नावावर दुसऱ्याचं तोंड छापून आलं की केवढा गहजब होतो ते एकदा भोगून झालं होतं. हा दंडक पद्मावतीनं वीस वर्षांत एक दिवस मोडला नव्हता.

गोकुळदासच्या चौकटीत दोन्ही खुणा होत्या. स्वच्छ, बाकीच्यांसारख्याच, एकाच उंचीच्या.

सगुणबाबनं प्रतीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं नाही. कागदाचे त्यानं चार तुकडे केले, आणखी चार केले आणि टोपलीत टाकले. मशिनीची चूक, तो पुन्हा म्हणाला, घरी जा. पण ती गेली नाही. उद्याचीही माणसं होती, सतरा. त्यांच्या घरच्यांनी काय पाप केलं होतं? तिनं दिलगिरीचा मजकूर लिहायला घेतला. ‘श्री. गोकुळदास तळकर हे हयात असून’ एवढं लिहिलं आणि हात थांबला. हयात आहेत हे ती कशावरून लिहिणार? खोडून लिहिलं, ‘हे गेली अकरा वर्षे बेपत्ता असून काल प्रसिद्ध झालेली सूचना यांत्रिक चुकीमुळे’. मग स्क्रिप्ट उघडून वगळायची ती एक ओळ घातली. चारला बटण दाबलं, कागद काढला, सतरा नावं वाचली, सतरा फोटो पाहिले, चौतीस खुणा केल्या.

मधे रुक्मिणीचा फोन येऊन गेला होता. ही रुक्मिणी शेजारची, सासूच्या मागंपुढं करणारी. तिनं रडत रडत सांगितलं ते असं. पेपर कोपऱ्यावरच्या दुकानात आला आणि आठाच्या आत अर्धा वाडा तळकरांच्या अंगणात. कोण काय बोलणार? अकरा वर्षं त्या घरात काय बोलावं ते कुणाला कळत नव्हतं, आता निदान बोलायचं काय ते कळलं होतं. बायका गळ्यात पडायला पुढं झाल्या. मेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून रुक्मिणीनं पेजेचं भांडं आणलं. म्हातारी सोप्यावर उभी राहिली, पेपर हातात, आणि म्हणाली की माझा मुलगा मेलेला नाही, सून येऊ दे, ती सांगेल काय ते, तोवर या घरात कुणी रडायचं नाही. एकेकाला तिनं बाहेर काढलं. भांडं रुक्मिणीच्या हातात परत दिलं. तेव्हापासून कदेल, म्हणजे खुर्ची, दारात टाकून बसली आहे, पाण्याचा घोट नाही. लवकर ये, रुक्मिणी म्हणाली.

साडेपाचच्या बसमध्ये तिघांनी विचारलं. एकानं तर उठून जागा दिली. पद्मावतीनं तिघांनाही मशिनीची चूक झाली म्हणून सांगितलं, आणि तिघांचेही चेहरे उजळले. अरे, मशीनच ते, त्याला काय कळतं, आमच्या बँकेत परवा असंच झालं. किती सोपं होतं. खरं तर खोटंही नव्हतं ते, अर्धं तरी. म्हातारीपुढं जाऊन हेच तीन शब्द बोलायचे होते. म्हातारी पेपर बाजूला ठेवेल, पेज जेवेल, उद्या दिलगिरी वाचेल, शब्द शाबूत राहील. ती दिवसभर जिची वाट पाहत बसली होती ती गोष्ट एवढीच होती. पद्मावतीनं खिडकीबाहेर बघत ते वाक्य दोनदा जुळवलंसुद्धा.

केरीला उतरली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. रुक्मिणी आपल्या कुंपणापाशी उभी होती, आत यायचं धाडस नव्हतं. चंद्रावती खरंच कदेलवर होती, लुगडं सकाळचंच, मांडीवर घडी केलेला पेपर. सून अंगणात आली तशी तिनं काही आदळआपट केली नाही. तिला सोप्यावर बसायला सांगितलं. मग यशवंताचा फोन आला होता, तो मशिनीची चूक म्हणतो, एवढं सांगितलं. पद्मावतीनं मान हलवली.

“मशिनीन फोटो लायलो,” म्हातारी म्हणाली. “पण पान धाडतलं कोण? तूच मगे? धाडूच्या आदी तू बघूक नाय?”

पद्मावतीला वाक्य तयार होतं. बसमध्ये जुळवलेलं, नीट. तोंड उघडलं आणि निघालं दुसरंच.

“बघलंय.”

कुंपणापाशी रुक्मिणीनं तोंडावर पदर घेतला.

“नाव वाचलंय, आई. फोटो बघलंय. दोन खुणा केलंय.” आणि मग अकरा वर्षांत पहिल्यांदा खरं ते बोलली. “माका काय्येक वाटूक नाय.”

आता कुणालाही वाटेल की म्हातारी कोसळेल, नाहीतर सुनेच्या अंगावर जाईल. शब्द मोडला होता, तोही असा. चुकून मोडला असता तर एक वेळ ठीक. पण नवऱ्याचं तोंड समोर आलं आणि ही बाई त्याला मेलेल्यांत मोजून पुढं गेली, थबकलीसुद्धा नाही. पद्मावती वाट बघत बसली. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटते आहे याचंच तिला नवल वाटत होतं. चंद्रावती तिच्या तोंडाकडे बघत होती, पेपर वाचताना बघायची तशी, सावकाश, एकेक अक्षर लावत.

मग म्हातारीनं विचारलं, कधीपासून? पद्मावती म्हणाली, ठाऊक नाही. सहा वर्षं असतील, सात असतील. म्हातारीनं विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? पद्मावती म्हणाली, तुम्ही रोज खबर विचारायचात. त्यावर म्हातारीनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच तिनं हात पुढं केला, चाचपत सुनेचं मनगट धरलं, आणि सोडलं.

ती उठली. कदेलचा हात धरून उभी राहिली आणि कुंपणाकडे तोंड करून हाक मारली, आवाज खणखणीत, सकाळी लोकांना हाकलताना होता तसाच.

“रुक्मिणी, ये गो. पेज घेवन ये. आणि बायकांका बोलय.” रुक्मिणीला काही कळेना, ती जागची हलेना. तशी म्हातारी म्हणाली, “माझो झील मरूक नाय. तो हरवलो आसा. पण हिचो घोव मेलो. कधीचोच मेलो, आणि हिच्याकडे कोण बसूक नाय. हिच्याकडे बसा.”

रुक्मिणी पेजेचं भांडं घेऊन आली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या, मग चौघी. सोप्यावर पद्मावतीच्या दोन्ही बाजूंना त्या बसल्या, एकीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच दिला. पद्मावतीच्या पाठीचा कणा त्या हाताखाली हळूहळू वाकत गेला. रडं आलं ते आवाज न करता आलं, आणि मग आवाज करून.

चंद्रावती त्यांच्यात बसली नाही. ती आत गेली, देवापुढं दिवा लावला, आणि गॅस पेटवून आपल्यापुरता भात ठेवला.